आधी तिचा पगार विचारा

ताई,
मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात लाईन सुपरवायझर आहे. वय 29. आयटीआय करून मशीनवर बसलो, आता चाळीस मशीनची लाईन बघतो. पगार 24 हजार, सीझनला ओव्हरटाइम धरून तीसपर्यंत जातो. इथिओपियात हवासा नावाच्या शहरात कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात प्रॉडक्शन सुपरवायझर पाहिजे म्हणून एका एजंटनं गाठलंय. महिना 900 डॉलर, राहणं-जेवण कंपनीचं, दोन वर्षांचा करार. एजंट दीड लाख मागतो. आई विड्या करते, तिच्या हातावरच आम्ही भावंडं शिकलो. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमनचं काम केलं. ते म्हणतात, "मिल गेली तशी शिलाईपण जाणार, आन् ती न्यायला तूच चाललास." मी मोबाईलवर वाचलं की तिथल्या मशीनवरच्या मुलींना महिन्याला 26 डॉलर मिळतात. 26 आणि 900 हे डोक्यातनं जाईना. तो देश जोरात वाढतोय म्हणतात. मग वाढतंय कोण? जाऊ का नको, सरळ सांगा. आणि आईला काय सांगू, तेही.
– एक सुपरवायझर, सोलापूर

सरळ सांगते. जा. पण एजंटला दीड लाख मोजून जाऊ नका, आणि ज्या मुलींवर तुम्ही सुपरवायझर होणार त्यांच्याबद्दल दोन-तीन गोष्टी पक्क्या कळल्याशिवाय तिकीट काढू नका. त्या 26 डॉलरनी तुमची झोप उडाली हे चांगलं लक्षण आहे. त्यात माणुसकी आहेच. पण पुढं सांगते ते वाचलंत की कळेल, तुमचा स्वतःचा पगार, रक्तदाब आणि दोन वर्षं टिकायची शक्यता त्याच आकड्याला बांधलेली आहे.

आधी वडिलांचं उत्तर देऊ, कारण घरात ते मिटल्याशिवाय तुमचा पाय निघणार नाही. सोलापूरच्या मिली आफ्रिकेनं नेल्या नाहीत. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावं घेतली की आजही म्हातारी माणसं भोंग्याची वेळ सांगतात. पण त्या मिलींची यंत्रं जुनी झाली, मालकांनी नव्यात पैसा घातला नाही, आणि स्वस्त कापड विणणारे यंत्रमाग भिवंडी, इचलकरंजी, मालेगावसारखे आपल्या सोलापुरातही पूर्वभागात घरोघरी उभे राहिले. काम गावातच राहिलं. गेला तो मिलचा पक्का पगार, फंड, पाळीची वेळ आणि आजारपणाची रजा. वडिलांनी जे गमावलं त्याचं नाव हे. शिवाय तुमच्या कारखान्याचा युनिफॉर्म देशातल्या शाळांना जातो, थोडा आखातात. हवासाचा माल युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी शिवला जातो. तुम्ही गेलात म्हणून अक्कलकोट रोडची एकही ऑर्डर हलणार नाही. बांगलादेशच्या तयार कपड्यांबद्दल आपले कारखानदार कुरकुरतात, ती तक्रार खरी आहे. तो माल आपल्याकडं कमी जकातीनं किंवा जकातीशिवाय येतो, कारण 2008 पासून भारत अतिगरीब देशांना ती सवलत देतो. 2025 च्या मे महिन्यात सरकारनं तो जमिनीच्या वाटेनं यायचा बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून आणायला लावला. पण तो वेगळा वाद, त्याचा तुमच्या नोकरीशी संबंध नाही.

आता तुमचा प्रश्न, वाढतंय कोण?

संयुक्त राष्ट्रांनी 1971 साली जगातल्या सगळ्यात मागास, म्हणजे मघाशी म्हटलं त्या अतिगरीब, देशांची एक यादी केली. आज त्यात 44 देश आहेत. इथिओपिया आहे, बांगलादेश आहे, नेपाळ आहे. भारत त्यात कधीच नव्हता. नुसती गरिबी बघून देश तिथं घालत नाहीत. माणशी उत्पन्न, शिक्षण-आरोग्याची अवस्था, आणि एखादा दुष्काळ किंवा बाजारातला एक धक्का बसला तर देश किती कोलमडेल, या तिन्हींवरून ठरतं. या देशांनी दरवर्षी किमान 7 टक्के वाढावं असं 2030 पर्यंतच्या विकास उद्दिष्टांत लिहून ठेवलंय, त्याच कलमात सर्वांना चांगलं काम मिळावं असंही म्हटलंय. बहुतेकांना ते 7 टक्के जमलेले नाहीत. इथिओपियाला जमले. करोनाच्या आधी पंधराएक वर्षं तो देश सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास वाढत होता. रस्ते, धरणं, जिबुतीच्या बंदरापर्यंत रेल्वे, आणि 2016 पासून हवासाची औद्योगिक वसाहत.

यातला बराच पैसा सरकारनं कर्ज काढून सिमेंट-लोखंडात घातला. त्यातून काम मिळतं, पण धरण बांधून झालं की माणूस घरी. अंगोलाचं उदाहरण त्याहून वाईट. तेलाच्या जोरावर काही वर्षं तिथला वाढीचा दर 10 टक्क्यांच्या वर होता, पण तेलाच्या विहिरीवर माणसं किती लागतात? म्हणून वाढीचा आकडा वाचला की मला पहिल्यांदा विचारावंसं वाटतं, वाढ कशातून झाली? शिलाईतून झाली असेल तर निदान हातांना काम मिळतं. इथिओपियाला तेच हवं होतं. बारा कोटींच्या वर लोकसंख्या, दरवर्षी वीसेक लाख तरुण पोरं-पोरी कामाच्या शोधात.

आणि काम मिळालं म्हणजे ते चांगलंच असतं असं नाही, हे सोलापूरकराला कोणी शिकवायला नको. तुम्ही सेटलमेंटवरून जाता-येता असाल. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तिथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हजेरी घ्यायचे, आणि तीच माणसं मिलच्या पाळीला जायची. शहर तेव्हा भरभराटीला होतं. ते कुंपण 1952 साली गेलं.

तुमच्या आईचं बघा. पान, तंबाखू घरी आणायची, हजाराच्या हिशोबानं विड्या वळायच्या, कारखान्यात खराब म्हणून छाट काढतील ती सोसायची. अतिगरीब देशांत दहातली जवळजवळ नऊ माणसं अशाच कामावर आहेत, ज्याला करार नाही, फंड नाही, रजा नाही. पण आईकडं विडी कामगाराचं कार्ड आहे ना? फंड कापला जातो ना? तो कोणाच्या वाढीच्या दरामुळं आला नाही. 1966 साली विडी कामगारांचा कायदा झाला, त्यात घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार धरली, आणि मग सोलापुरातल्या बायकांनी लाल बावट्याखाली मोर्चे काढून काढून तो कायदा कागदावरून खाली ओढला. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं, त्याच बायकांची. जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1999 पासून 'चांगलं काम' म्हणून ज्या चार गोष्टी धरल्या (रोजगार, सामाजिक सुरक्षा, कामावरचे हक्क, आणि मालकाशी बोलायची सोय) त्यातल्या शेवटच्या तिन्ही तुमच्या आईनं भांडून मिळवल्यात. रोजगार मात्र तसाच कमी मजुरीचा राहिला. इथिओपियात अजून उलटी परिस्थिती आहे, शेड चकचकीत, बाकी तिन्ही गोष्टींची वाट बघणं चालू.

तर ते 26 डॉलर. आकडा खरा आहे. 2019 साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका केंद्रानं हवासावर अहवाल काढला, त्यात मूळ पगार 26 डॉलर दिला होता. त्याच अहवालात बांगलादेशचा 95 होता. जगातल्या कपडे शिवणाऱ्या देशांत सगळ्यात स्वस्त मुलगी, अशीच जाहिरात करून कंपन्यांना बोलावलं गेलं होतं. खासगी क्षेत्राला किमान वेतन तेव्हा नव्हतंच. ते ठरवायला मंडळ नेमायची तरतूद त्या वर्षीच्या कामगार कायद्यात आली.

मग काय झालं? मुली आल्या आणि गेल्या. शंभर मुली घेतल्या तर वर्षात साधारण तेवढ्याच सोडून जात होत्या. बहुतेक जणी खेड्यातून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा घड्याळावर काम. हवासात खोलीचं भाडं चढलेलं, एका खोलीत चार-चार जणी. भाडं आणि खाणं गेलं की घरी पाठवायला उरायचं नाही. अशी मुलगी तीन महिन्यांत ओव्हरलॉक शिकते आणि चौथ्या महिन्यात गावी जाते. कंपनीचे लोक त्याला 'कामाची सवय नाही' म्हणतात. तुम्हीही गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये हे ऐकाल. ऐकून घ्या, मानू नका.

ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डेर्कॉन या दोन अभ्यासकांनी इथिओपियातल्या पाच कंपन्यांत हे तपासलं. शीतपेय, फुलशेती, बूट, कापड अशा. अर्ज करणाऱ्या सुमारे हजार जणांतून चिठ्ठ्या टाकून काहींना नोकरी दिली. एक तृतीयांश लोकांनी पहिल्या महिन्यातच सोडली, वर्ष संपेपर्यंत तीन चतुर्थांशांहून जास्त गेले. नोकरी न मिळालेल्यांपेक्षा त्यांची कमाई जास्त नव्हतीच, उलट तब्येतीच्या तक्रारी वाढल्या होत्या. बाजारात टोपली घेऊन बसणं किंवा शेतात राबणं त्यांना परवडत होतं. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही सुपरवायझर म्हणून जाताय. तुमच्याकडं टार्गेट असेल, तासाला इतके पीस. लाईनवरची निम्मी माणसं दर काही महिन्यांनी नवी असतील तर ते टार्गेट कोणत्याही सुपरवायझरला गाठता येत नाही. अक्कलकोट रोडवर एका सीझनला चार कारागीर गावी गेले तर काय होतं ते आठवा, आणि ते बाराही महिने चाललंय असं समजा. मग सुपरवायझर ओरडायला लागतो. भाषा येत नाही म्हणून आणखी मोठ्यानं ओरडतो. तुमची जागा रिकामी का झाली, हेसुद्धा विचारा. आधीचा माणूस बहुधा याच कारणानं परत गेलेला असेल.

म्हणून मुलाखतीत तुमच्या 900 डॉलरवर बोलायच्या आधी हे विचारा: लाईनवरच्या मुलीच्या हातात आज महिन्याला किती पडतात, आणि कारखान्याजवळ खोलीचं भाडं किती? कंपनी जेवण, बस किंवा वसतिगृह देते का? सरासरी मुलगी किती महिने टिकते? आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं धरा. जी कंपनी 'आमच्याकडं दीड-दोन वर्षं टिकतात, हा बघा हजेरीपट' म्हणते, तिथं डोळे झाकून नाही पण मन मोकळं ठेवून जा.

आणखी एक विचारायचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. लाईनवरून सुपरवायझर झालेली स्थानिक मुलगी तुमच्याकडं आहे का? नसेल तर मला दोन-तीन वर्षांत कोणाला तयार करायचंय?

हे बोलायचं धाडस होणार नाही, माहीत आहे. स्वतःचीच जागा कोण दुसऱ्याला द्यायला जाईल? पण बांगलादेशची गोष्ट ऐका. माजी सरकारी अधिकारी नुरुल कादर यांनी 'देश गारमेंट्स' नावाची कंपनी काढली आणि 1979 साली 130 माणसं सहा महिने शिकायला दक्षिण कोरियात पाठवली, देवू कंपनीच्या बुसानच्या कारखान्यात. शिलाई, कटिंग, माल तपासणं, निर्यातीचे कागद, सगळं. परत आल्यावर काही वर्षांत त्यातल्या 115 जणांनी 'देश' सोडली. कोणी स्वतःचा कारखाना टाकला, कोणी नव्या मालकाकडं जास्त पगारावर गेलं. कादर यांचं नुकसान झालं असेल. पण बांगलादेशात आज सुमारे 40 लाख लोक या धंद्यात आहेत, निम्म्याहून जास्त बायका, आणि देशाच्या निर्यातीतला 80 टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे. त्याची सुरुवात ज्या माणसांनी केली त्यांना तुमच्यासारखंच लाईन चालवता येत होती. कोरियाचे सुपरवायझर बांगलादेशात कायमचे मुक्काम ठोकून बसले असते तर हे झालं नसतं. हवासात अजून वरच्या जागांवर चिनी, श्रीलंकेचे, भारतातले लोक आहेत, आणि एक ऑर्डर गेली की कारखाना उचलून चालते होतात. गावात मागं काही उरत नाही, शिकलेली माणसंसुद्धा नाहीत.

ही भीती कल्पनेतली नाही. इथिओपियाच्या उत्तरेतल्या टिग्राई प्रांताच्या युद्धात झालेल्या अत्याचारांमुळं अमेरिकेनं 1 जानेवारी 2022 पासून इथिओपियाची आयातकराची सवलत काढून घेतली. त्याआधीच, नोव्हेंबर 2021 मध्ये, हवासात सगळ्यात मोठ्या गाजावाजानं आलेल्या पीव्हीएचनं (टॉमी हिलफिगर आणि कॅल्विन क्लाइनवाले) तिथला आपला कारखाना बंद केला. युद्ध शेकडो मैल दूर उत्तरेला, सवलत वॉशिंग्टनमध्ये, आणि नोकरी गेली ती हवासाच्या सिदामा भागातल्या मुलींची. युरोपची जकातमाफी अजून आहे. म्हणून तुमच्या कंपनीचा माल कोणत्या देशात जातो आणि कुठल्या ब्रँडसाठी, हेही कागदावर घ्या. नुसती अमेरिकेची एक ऑर्डर असेल तर दोन वर्षांच्या कराराला अर्थ नाही.

बांगलादेशची गोष्ट मी फार गोड करून सांगितली, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. 24 एप्रिल 2013, ढाक्याजवळचं सावार, राणा प्लाझा नावाची इमारत. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपल्या लोकांना घरी पाठवलं. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, नाही आलात तर पगार कापू म्हणून. 1,100 हून जास्त माणसं मेली. त्या दिवशी 'आत चला' म्हणणाऱ्यांत तुमच्या हुद्द्याचे लोकही होते. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांनी मिळून बंधनकारक करार केला, शेकडो कारखान्यांची तपासणी झाली, जिने-दारं सुधारली. पगारासाठी मात्र पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. 2023 साली आंदोलनात कामगारांचे जीव गेले तेव्हा किमान वेतन 8,000 टक्यांवरून (टका हे तिथलं चलन) 12,500 झालं, मागणी 23,000 ची होती. हवासात पहिल्या दिवशी मागचं दार उघडं आहे का ते स्वतः ढकलून बघा. कुलूप असेल तर ते काढायला लावणं तुमचं काम आहे, आणि काढत नसतील तर परतीचं तिकीट काढणंही.

आता पैशाचं. दीड लाख देऊ नका. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. पावती देऊन, तीही बँकेतून. हा पाचपट मागतोय. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा, तिथं नसेल तर फोन उचलणं बंद करा. 'आत्ता व्हिजिट व्हिसावर या, तिथं परमिट करू' असं म्हटलं तर अजिबात जाऊ नका. सरळ कंपनीच्या ईमेलवर अर्ज टाका. चाळीस मशीनची लाईन चालवलेला माणूस त्यांना हवाच असतो. आईचे दागिने किंवा फंड यात घालू नका, हे मी वेगळं सांगायची गरज नसावी.

करारात पगार डॉलरमध्येच लिहून घ्या आणि त्यातला मोठा भाग थेट भारतातल्या खात्यात जमा व्हावा असं लिहा. जुलै 2024 मध्ये इथिओपियानं आपलं चलन, बिर्र, बाजारभावावर सोडलं आणि काही महिन्यांत त्याची किंमत निम्म्यावर आली. बिर्रमध्ये पगार ठरवलेल्यांचे हात पोळले. त्या मुलींचे तर पोळलेच, त्यांच्यासाठी डॉलरचा पर्याय कोणी ठेवला नव्हता. परतीचं तिकीट, दवाखान्याचा विमा, वर्षाला एक महिना रजा हेही कागदावर. देशातल्या काही भागांत, विशेषतः उत्तरेकडं, अजून गोळीबार होतो. हवासा दक्षिणेत आहे, अदिस अबाबापासून पावणेतीनशे किलोमीटर, तळ्याकाठचं देखणं शहर. तरी आपल्या दूतावासाच्या सूचना जायच्या आधी वाचा आणि तिथं पोचल्यावर नाव नोंदवा.

आईला काय सांगायचं? 900 डॉलरचे रुपये करून सांगू नका, तो हिशोब ती तुमच्याआधी करून बसली असेल. तिला सांगा की तिथंही घरातली पहिली कमावती पोरगी मशीनवर बसलीय, आणि तिच्या हातात किती उरतं हे विचारूनच मी जातोय. कार्ड आणि फंडासाठी मोर्च्यात गेलेल्या बाईला हे बरोबर कळेल. कदाचित तीच तुम्हाला आणखी दोन प्रश्न विचारायला सांगेल, ते माझ्या प्रश्नांपेक्षा नेमके असतील. वडिलांशी मात्र वाद घालू नका, करार हातात आला की त्यांना वाचायला द्या. मिलमध्ये पक्का कामगार असलेल्या माणसाला कुठलं कलम राहिलंय ते पटकन दिसतं.

लस राहिलीच. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, सरकारमान्य केंद्रातच, आणि ती सगळ्या शहरांत मिळत नाही, त्यामुळं तारीख आधी ठरवून घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते पासपोर्टबरोबर ठेवा. इथिओपियाहून परत येताना ते जवळ नसेल तर मुंबई विमानतळावरून घरी सोडत नाहीत, सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.